मुलाखत माझी, उत्तरं प्रिंटरवाल्याची

जाहिरातीत ठळक अक्षरांत होतं, 'फ्रेशर हवेत'. खाली बारीक अक्षरांत, 'किमान २ वर्षांचा अनुभव'. फ्रेशर असण्याचाच अनुभव मागत असतील, असं समजून मी गेलो. काम काय, तर आलेली बिलं एक्सेलमध्ये भरायची आणि फोन उचलायचा.

केबिन रिकामी नव्हती म्हणून मुलाखत प्रिंटरच्या खोलीत. तिथे प्रिंटर उघडून, कोपरापर्यंत काळा झालेला एक गृहस्थ जमिनीवर बसला होता. साहेब म्हणाले, "चालू द्या." मी लगेच माझं शिक्षण सांगायला सुरुवात केली. ते त्याला म्हणाले होते.

मग माझी पाळी. "स्वतःबद्दल सांगा."

"मी मेहनती आहे, आणि..."

"ड्रम गेलाय," खालून आवाज आला.

"पूर्ण?"

"पूर्ण. ओढून-ताणून चालवाल, पण छपाई फिकीच येणार."

साहेबांनी प्रिंटरकडे पाहिलं, मग खेदानं माझ्याकडे.

"पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?"

बिलं भरायच्या नोकरीसाठी हा प्रश्न! पाच वर्षांनीही मी इथेच बिलं भरत बसलेला दिसलो, तर ती बातमी चांगली की वाईट? तरी पाठ केलेलं म्हटलं, "टीम सांभाळताना."

"पाच वर्षांनी याचे पार्टच मिळत नाहीत साहेब," गृहस्थ म्हणाला. "जरा टॉर्च धरता का?"

हे मला होतं. मी मोबाईलचा टॉर्च लावला आणि पुढची मुलाखत ओणव्यानं दिली.

"व्हीलुकअप येतं?"

एका रकान्यात नाव शोधून त्याच ओळीतली दुसरी माहिती आणून देणारं हे एक्सेलचं सूत्र. आता कुठे माझा विषय! एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, २००३च्या आवृत्तीपर्यंत ६५,५३६च मावायच्या, इथपर्यंत माझी तयारी होती. (साहेबांचा अख्खा धंदा त्या जुन्या शीटमध्येही ऐसपैस मावला असता, पण ओळी किती हे कुणी विचारलंच नाही.) शेवटी फॉल्स लिहिलं की तंतोतंत तेच शोधतं, वगैरे मी सांगत होतो, तेवढ्यात खालून, "पण ते डावीकडच्या रकान्यातलं आणून देत नाही साहेब. इंडेक्स आणि मॅच ही दोन सूत्रं जोडून वापरा."

साहेब खुर्चीतून पुढे सरकले. "तुम्ही कुठे शिकलात?"

"माझी बिलं मीच बनवतो ना."

यानंतर दहा मिनिटं माझी मुलाखत त्या दोघांत झाली. रंगलीही छान. मी टॉर्च हलू दिला नाही, एवढंच माझं योगदान.

पगाराचा विषय शेवटी मीच काढला. पहिले तीन महिने ट्रेनिंग, म्हणजे बिनपगारी. वेळेवर यायचं, शनिवारीही यायचं, आणि मूळ मार्कशीट त्यांच्याकडे ठेवायची. "आमच्याकडे शिकायला खूप मिळतं," साहेब म्हणाले. शिकायला मिळतं म्हणून कॉलेजात फी भरली होती, ते एक वेळ समजू शकतो. पण त्यांची बिलं मी भरायची, त्यांचे फोन मी उचलायचे आणि उपकार माझ्यावर? वर मार्कशीट गहाण! चिडून काही बोलावं, तर हातात टॉर्च.

प्रिंटर काही चालू झाला नाही. तरी गृहस्थानं हात पुसत व्हिजिट चार्ज मागितला आणि साहेबांनी निमूट खिशातून काढून दिला. ड्रम घेऊन शुक्रवारी अकराला यायचंही ठरलं.

मला म्हणाले, "कळवतो."