सांधे विभाग, ज्येष्ठ नागरिक

आमच्या सोसायटीच्या फलकावर सध्या एक सूचना झळकते आहे. 'मंगळ, गुरू, शनि, सायं. ७ ते ८.३०, सभागृह : सांध्यांचा व्यायाम (ज्येष्ठ).' खाली सहा नावं आहेत आणि पहिलं माझं आहे. मी त्रेचाळीस वर्षांचा आहे. सहाव्या नावाचा मुलगा चोवीसचा आहे, त्याला अजून दाढीसुद्धा धड आलेली नाही.

आम्ही जिउ-जित्सू करतो, म्हणजे जमिनीवर लोळून सांधे पिरगाळायची आणि गळे आवळायची कुस्ती. वाशीतल्या एका क्लासात ओळख झालेले आम्ही सात जण. क्लासने आधी फी वाढवली, मग त्यांचाच टी-शर्ट सक्तीचा केला, मग पट्ट्याच्या परीक्षेचे वेगळे पैसे मागितले. तेव्हा आम्ही ठरवलं की आपल्या मॅट आपण घ्यायच्या आणि एकमेकांचे गळे फुकटात आवळायचे. गुरू नाही, फी नाही, जाहिरात नाही, मंडळाला नावसुद्धा नाही. नियम तीन. नखं कापून यायचं, अंगावर नायटा असेल तर घरी बसायचं, आणि समोरच्याने 'हरलो' म्हणून हाताने थापटलं की त्या क्षणी सोडायचं.

एक मीटर बाय एक मीटरच्या, चाळीस मिलिमीटर जाडीच्या, दातेरी कडा एकमेकींत अडकणाऱ्या चोवीस मॅट आल्या. माणशी साडेसहा हजार काढले, म्हणजे ४५,५०० झाले. बिल ४५,६०० चं होतं. वरचे शंभर मी घातले. हे मी कुठे बोलून दाखवत नाही.

राहिली जागा. आमचं सभागृह म्हणजे कोपरखैरण्यातल्या इतर सोसायट्यांचं असतं तसंच, तळमजल्यावरची लांबट खोली, एका कोपऱ्यात गणपतीच्या मखराचं सामान, दुसऱ्या कोपऱ्यात कुणाचा तरी व्यायामाचा सायकलवजा सांगाडा. सेक्रेटरींकडे गेलो. 'जिउ-जित्सू' म्हणालो, त्यांनी 'जिजाऊ' ऐकलं आणि खुर्चीत सावरून बसले. "मंडळ काढताय? वा वा! मग हॉल मोफत." मी दुरुस्ती केली नसती तर हा लेख लिहावा लागला नसता.

"फी किती घेता?"

"घेत नाही."

"मग शिकवतं कोण?"

"असं कुणी नाही. ज्याला जे येतं ते तो दुसऱ्याला दाखवतो."

"मग यात सुटतं काय?"

"काहीच नाही."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे सुटत काही नाही, आणि तरी तुम्ही आठवड्यातून तीनदा, ऑफिसातून दमून आल्यावर, हे करणार."

"हो."

"मिसेसना माहितीये?"

दरपत्रक भिंतीवर होतं. झुंबा, शिकवणी वगैरे 'व्यावसायिक' असेल तर दर वेळी पाचशे. बाराव्या-तेराव्याला निम्मा दर. भजनी मंडळ, महिला मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ यांना मोफत. आम्ही कशातच बसत नव्हतो. व्यावसायिक म्हणावं तर व्यवसाय नाही, आणि मोफत द्यावं तर आम्ही भजनही म्हणत नाही. धंदा म्हटला की आपल्याकडे माणूस निर्धास्त होतो, पावती फाडतो. धंदा नाही म्हटलं की त्याला वास यायला लागतो. गच्चीवर दर शनिवारी काही मंडळी 'बसतात', त्यांना आजवर कुणी विचारलेलं नाही की यात सुटतं काय. सकाळी बाटल्या मात्र सुटलेल्या असतात, पाण्याच्या टाकीमागे.

मी बाजू मांडायची म्हणून इतिहास सांगितला. मित्सुयो माएदा नावाचा जपानी ज्युदोवाला १९१४ मध्ये ब्राझीलला गेला, तिथे त्याने ग्रेसी घराण्यातल्या कार्लोसला शिकवलं. त्याचा धाकटा भाऊ हेलिओ अंगाने किरकोळ. ताकद नाही, मग जमिनीवर पडून, तरफ लावून मोठ्या माणसाला कसं अडकवायचं हे या भावांनी वाढवत नेलं. सेक्रेटरींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं. मग भारतात एजन्सी कुणाकडे आहे?"

शेवटी 'महिनाभर प्रायोगिक तत्त्वावर' असं तोंडी ठरलं आणि आम्ही सुरू झालो. पहिल्याच मंगळवारी दारात प्लास्टिकची खुर्ची घेऊन तात्या आले.

तात्या पहिल्या मजल्यावरचे. मूळ कराडकडचे, आधी मसजिद बंदर आणि मग वाशीचं मार्केट अशी उभी हयात माथाडीत काढलेली. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून चालणारी ती पिढी. त्याआधी गावच्या तालमीत लाल मातीतली कुस्ती. म्हणजे आमच्या खोलीत आलेला हा पहिलाच माणूस ज्याला आम्ही काय करतो ते कळण्याची शक्यता होती. मी आनंदाने त्यांना बसायला जागा करून दिली. चूक झाली.

पहिल्या जोडीने हात मिळवले, आणि आमचा चोवीसचा मुलगा नेहमीप्रमाणे आपण होऊन पाठीवर आडवा झाला.

तात्या उभे राहिले. "ए! पडला की त्यो!"

"पडला नाही तात्या, मुद्दाम आडवा झालाय."

"कशापायी?"

"तिथूनच लढायचं असतं."

"पाठ टेकली की रं त्याची! संपली कुस्ती! सोड त्याला, घरी जाऊ दे!"

आता इथे मला थोडं सांगावं लागेल. कुस्तीत पाठ जमिनीला लागली की माणूस चितपट. म्हणून पैलवान खाली आला की पालथा पडतो, माती कवटाळतो, पण पाठ दाखवत नाही. आमच्यात नेमकं उलट. पाठ जमिनीला खुशाल लावा, समोरच्याला पायांच्या कैचीत धरा आणि सवडीने त्याचा हात नाहीतर गळा शोधा. पण पालथं पडून त्याला पाठ दिलीत की तो पाठीवर बसून मागून गळा आवळणार. पोर्तुगीजमध्ये त्या डावाला 'माता लेआँव' म्हणतात, सिंह मारणारा. म्हणजे कुस्तीत जमिनीला पाठ दाखवायची नाही, आणि इथे माणसाला. हे मी तात्यांना तीन वेळा समजावलं. तात्या दर वेळी "आस्सं व्हय" म्हणाले आणि पुढल्या जोडीला ओरडले, "पालथा हो! पालथा हो ल्येका!"

आणि माणसाच्या मनाची गंमत बघा. गळ्याशी आलेलं असताना, कानात कुणी वडीलधारा माणूस जिवाच्या आकांताने 'पालथा हो' म्हणून ओरडत असेल तर माणूस पालथा होतो. मी झालो. एकदा नाही, त्या आठवड्यात चार वेळा झालो आणि चारही वेळा सिंहासारखा मेलो. तात्यांचं त्यावर म्हणणं एवढंच, की मी उशिरा पालथा झालो.

थापटणं तर त्यांना मुळीच झेपेना.

"ही कुस्ती संपती कवा?"

"एकाने थापटलं की."

"म्हंजे हरला त्यानंच सांगायचं, मी हरलो?"

"हो."

"आन त्यो सांगतो?"

"सांगावंच लागतं तात्या, नाहीतर हात मोडेल."

तात्या बराच वेळ छताच्या पंख्याकडे बघत बसले. "आमच्यात पंच सांगायचा तरी कुणी मानत नव्हतं."

मग एकदा किमुराची गोष्ट सांगितली. हाच हेलिओ ग्रेसी १९५१ मध्ये रिओत मासाहिको किमुरा या जपानी ज्युदोवाल्याशी लढला. किमुराने त्याचा हात पाठीमागे पिरगाळला. हात मोडला, पण हेलिओ थापटेना, शेवटी त्याच्या बाजूच्यांनी टॉवेल टाकला. त्या डावाला आज जगभर किमुरा म्हणतात.

"जिकला कोन?"

"किमुरा."

"आन ह्ये शिकवत्यात कोन?"

"हरलेल्याच्या घरातले."

"त्येंनी जिकनाऱ्याचं नाव दिलं डावाला? सोताच्या घरात?"

"हो."

"आमच्या भावकीत आसं कुनी केलं आसतं तर दोन मुडदं पडलं आसतं." आणि मग, जरा थांबून, "चांगली मानसं म्हनायची."

मला वाटलं, आता जिंकलं. तेवढ्यात मॅटवर कुणीतरी पाठीवर आडवं झालं आणि तात्यांनी खाशाबांना मध्ये आणलं. "खाशाबा जाधव हेलसिंकीला गेलं १९५२ ला, काय पाठ टेकाय गेलं व्हतं? ब्राँझ आनलं! आन तुमी हितं पंख्याखाली झोपा!" खाशाबांचं गोळेश्वर कराडला खेटून. आपल्याच घरातलं पदक आम्ही पंख्याखाली लोळून मातीत घालतो आहोत, असा त्यांचा एकूण सूर असायचा. एरवी माणूस प्रेमळ. जाताना सगळ्यांना विचारायचे, "लागलं न्हाई न्हवं?" आणि लागलं नाही म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा.

इथवर हसण्यासारखं आहे. तिसऱ्या आठवड्यात फलकावर सूचना लागली. 'सभागृहात काही स्त्री-पुरुष सभासद चटया अंथरून आक्षेपार्ह स्थितीत आढळून येत असल्याची तक्रार प्राप्त झाली आहे.' चटया! ४५,६०० रुपयांच्या!

त्या सूचनेवर मी एवढंच म्हणत राहिलो, आणि त्याचं आता वाईट वाटतं. कारण आमच्या सातांत एक बाई होती, एकच. बँकेत नोकरी करते, वजनाने माझ्या निम्मी असेल, आणि आमच्यातली सगळ्यात तयार. सहाही पुरुषांना थापटायला लावणारी ती एकटी. सूचनेतला 'स्त्री' हा शब्द अनेकवचनी वाटतो, पण तो तिच्या एकटीसाठी होता हे सगळ्या इमारतीला कळत होतं. त्या संध्याकाळी मी सेक्रेटरींना भेटलो तेव्हा ते हसत हसत म्हणाले, "अहो, लोक बोलतात, आता बघा ना, बाईमाणूस असं पाय…" आणि मीही हसलो. काम काढायचं होतं ना. ती गुरुवारी आली नाही. फोन केला तर म्हणाली, "तू त्यांना उत्तर काय दिलंस?" मी तिला चटयांचं सांगितलं. ती आता ठाण्यातल्या क्लासला जाते, महिन्याला सांगतील तेवढे पैसे भरते. तिचे साडेसहा हजार परत द्यायला गेलो तर म्हणाली, राहू दे, मॅट माझ्याही आहेत.

मग रविवारी कमिटीची बैठक झाली. आम्ही इस्त्रीचे शर्ट घालून गेलो. मी व्यायाम, शिस्त, मुलांचं मोबाइलपासून दूर राहणं वगैरे मुद्दे काढून नेले होते. खजिनदारांनी विचारलं की उद्या कुणाचा हात मोडला तर सोसायटी जबाबदार का. मी काही बोलण्याआधी मागून तात्या उठले.

"मी म्हैनाभर बघतोय," तात्या म्हणाले, "ह्येंच्यानं कुनाचं काय मोडायचं न्हाई."

सभागृहात समाधानाची कुजबुज झाली.

"पडत्यात, लोळत्यात, दमलं की थापटत्यात, पानी पित्यात. ह्याच्यापरास बायका दळान आनायला जास्ती जोर लावत्यात. माजं गुडघं दुकत्यात म्हून डागदर मला असलाच येयाम सांगतो. द्या की हाल. सांध्याला बरं आसतं."

तिथेच सेक्रेटरींच्या डोक्यात प्रकाश पडला. सांधे म्हणजे ज्येष्ठ नागरिक, ज्येष्ठ नागरिक म्हणजे मोफत. ठराव एकमताने झाला. तात्या प्रमुख. आणि तसं बघाल तर सूचनेत खोटं काही नाही. कोपर, खांदा, घोटा, मनगट, आमचा सगळा कारभार सांध्यांवरच चालतो, फक्त ते उलट्या दिशेने वळवायचे असतात.

अडचण एवढीच होती की संघाच्या वहीत नाव घालायचं तर वय साठच्या वर लागतं. "लिहा हो काहीतरी, बघतंय कोण," सेक्रेटरी म्हणाले. मी ४३ च्या जागी ६३ लिहिलं. चोवीसवाल्याने लाजत ६१ टाकलं. सहा वर्षं खपून मिळवलेला जांभळा पट्टा कमरेला असलेला मी, ६३ लिहून खाली सही केली.

काल मंगळवार. सात वाजता मॅट घेऊन उतरलो तर सभागृहात टेबल मांडलेलं, त्यावर रक्तदाबाचं यंत्र. संघातर्फे मोफत तपासणी. 'सांधे विभागा'ची सगळी नावं यादीत होती. आधी आमचं माप घेतील, मगच मॅट टाकायला जागा मिळेल असं कळलं. रांगेत माझ्या पुढे दोन आजी आणि मागे तात्या. चोवीसवाला जिन्यात लपला होता.

माप घेणारी मुलगी वहीत बघत होती. माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, सोडला. १४० आणि ९०. तिने आकडा लिहिला, वयाच्या रकान्यावरून बोट फिरवलं, मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं आणि गोड हसून म्हणाली,

"काळजी करू नका काका. वयाच्या मानाने छान आहे."