हिमोग्लोबिन १७.६ म्हणजे ‘रक्त भरपूर’? फिरत्या मेसेजला उत्तर

“तरुणाचं हिमोग्लोबिन १७ च्या वर म्हणजे तब्येत ठणठणीत. बीट-पालक-गुळाची कमाल! फारच वाढलं तर एकदा रक्तदान करा, विषय संपला.” नागपुरातल्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतो आहे. ॲनिमिया आणि सिकलसेल घरोघरी ठाऊक असलेल्या विदर्भात मोठा आकडा पाहून हायसं वाटणारच. पण यातलं एकही विधान टिकत नाही.

बीट-पालकाचं आधी. लोह कमी असेल तर ते भरून निघतं आणि हिमोग्लोबिन नॉर्मलवर येतं, त्यापुढे चढत नाही. तांबड्या पेशी किती बनवायच्या हे मूत्रपिंडातून येणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक ठरवतं; जास्तीचं लोह फेरिटिन म्हणून साठून राहतं.

आता ‘ठणठणीत’. हिमोग्लोबिन हे प्रमाण आहे. रक्तातलं पाणी आटलं की पेशी तेवढ्याच राहूनही आकडा वाढतो. मे महिन्यात ४५ अंशांत फिरून किंवा ग्राउंडवर धावून तसंच लॅबमध्ये गेलं की हेच होतं. दंडाचा पट्टा मिनिटापेक्षा जास्त आवळलेला राहिला तरी थोडा फरक पडतो. म्हणून घाबरण्याआधी चाचणी पुन्हा करा: दोन-तीन दिवस नीट पाणी, आदल्या दिवशी दारू आणि जड व्यायाम बंद, लॅबमध्ये पंधरा मिनिटं बसून मग रक्त द्या, मूठ सारखी उघडझाप करू नका. रिपोर्टमध्ये हिमॅटोक्रिटही (रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के) बघा.

पुरुषात हिमोग्लोबिन १६.५ किंवा हिमॅटोक्रिट ४९ टक्के, स्त्रीत १६ किंवा ४८ टक्के, याच्या वर आकडा पुन्हा आला तर कारण शोधायलाच हवं. तरुणांत पहिला संशय सिगारेटवर. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. ऑक्सिजन कमी पडतोय असं समजून शरीर पेशी वाढवतं. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर मात्र ९८ दाखवत राहतं, त्याला हा फरक कळत नाही. (तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यात धूर नाही, त्यामुळे हा दोष त्याचा नाही, तोंडाच्या कॅन्सरचा धोका मात्र आहेच.) दुसरं कारण जिममधली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं. मुलं ती डॉक्टरपासूनही लपवतात, आणि तपास भलतीकडे जातो. तिसरं, जोरात घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं. उंच डोंगराळ भागात विरळ हवेमुळेही हिमोग्लोबिन वाढतं, पण ते कारण नागपूरला लागू नाही. शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मीटरवर आहे.

पॉलिसायथेमिया व्हेरा, म्हणजे अस्थिमज्जेत तांबड्या पेशी बेसुमार बनण्याचा आजार, तरुणांत क्वचित, पण सोडून देण्यासारखा नाही. आंघोळीनंतर अंगभर खाज, तळव्यांची आग, प्लीहा वाढल्याने डाव्या बरगडीखाली जडपणा, सोबत प्लेटलेट्स किंवा पांढऱ्या पेशीही वाढलेल्या, असं असेल तर एरिथ्रोपोएटिन आणि जॅक-टू (या आजारातला जनुकीय बदल शोधणारी) या चाचण्या लागतात. मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत मेडिसिनच्या ओपीडीत आधीचे सगळे रिपोर्ट घेऊन जा. अचानक बोलणं अडखळलं, हात लुळा पडला, छातीत दुखलं, तर ओपीडीची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी गाठा.

राहिलं रक्तदान. ३५० मिली काढल्यावर आकडा उतरतो, कारण तिथेच राहतं. वर लोह घटलं की खरा आजार झाकला जातो आणि एरिथ्रोपोएटिनचा रिपोर्टही फसवा येतो. आधी तपासण्या, मग डॉक्टर म्हणाले तरच रक्त काढणं.