नाळे बा

कर्नाटकात एक जुनी समजूत आहे. रात्री भूत दारात येतं आणि ओळखीच्या माणसाच्या आवाजात हाक मारतं. म्हणून दारावर लिहून ठेवायचं, 'नाळे बा'. उद्या ये. भूत ते वाचून परत जातं, दुसऱ्या रात्री येतं, पुन्हा तेच वाचतं. आज कचेरीच्या खिडकीतून सहाव्यांदा 'नाळे बन्नी' ऐकलं आणि कळलं, या गोष्टीतलं भूत मी आहे. मला 'बा' नाही, 'बन्नी' म्हणतात. आदरार्थी भूत.

कचेरी बेळगाव भागातली, नेमकी कुठली ते लिहीत नाही. काम अजून व्हायचंय.

काम काय, तर बाबा जाऊन दीड वर्ष झालं. भाताची दोन एकर चौदा गुंठे जमीन. उताऱ्यावरचं त्यांचं नाव कमी करून आमची लावायची, फौती वारसा. घरोघरी होणारी गोष्ट. खरं बाबांचं नाव ज्ञानदेव, आणि त्या 'ज्ञ'नं आमचा घात केला. उताऱ्यावर कन्नडमध्ये 'ज्ञानदेव' आहे, बरोबर आहे. आधार काढताना कुणीतरी इंग्रजीत डी-एन-वाय असं लिहिलं आणि त्याचं कन्नड झालं 'द्न्यानदेव'. मृत्यूच्या दाखल्यावर जी-वाय, म्हणजे 'ग्यानदेव'. खिडकीतल्या माणसानं तिन्ही कागद शेजारी-शेजारी मांडले, बोट फिरवलं आणि विचारलं, "हे तिघं झाले. यातलं वारलं कोण?"

थट्टा नव्हती. तो खरोखर विचारत होता.

अहो, बारशाला एकच नाव ठेवलं होतं! पुढची दोन तुमच्या लोकांनी ठेवली. तुमच्याच संगणकांनी, तुमच्याच सही-शिक्क्यानं. चूक करणार तुम्ही, आणि ती चूक आहे हे बाँड, म्हणजे स्टँप पेपरवरचं प्रतिज्ञापत्र, करून सिद्ध करायचं आम्ही, तेही आमच्या पैशानं.

तर बाँड झाला. 'ज्ञानदेव, द्न्यानदेव व ग्यानदेव हे तिन्ही इसम एकच होत', असं सगळं कन्नडमध्ये टाइप केलेलं. शाळेत कन्नड होतं म्हणून मला अडखळत वाचता येतं, आईला येत नाही. ती म्हणाली, "काय लिवलंय ते वाचून दाखव, मगच सही करतो." तेवढ्यात टायपिस्टानं शाईचं पॅड पुढं सरकवलं, "अंगठा चालतोय की." आईनं पॅड तसंच परत ढकललं. पेन घेतलं, एकेक अक्षर काढलं आणि शेवटी वरची रेघ ओढली, सावकाश, पाटीवर ओढावी तशी. तिची सातवी झालीय, पहिल्या नंबरानं.

आता माझा राग कुठं आहे ते सांगतो. आई शिकली ती मराठी शाळा कुणाची होती? सरकारी. याच राज्याची. मास्तरचा पगार याच राज्यानं दिला आणि मराठी पुस्तकंही यानंच छापली. सात वर्षं ज्यानं तिला मराठी लिहाय-वाचायला शिकवलं, तेच सरकार आज तिच्यापुढं शाईचं पॅड सरकवतंय. मग शिकवलं कशाला? घटनेचं कलम 350 सांगतं, गाऱ्हाणं मांडायचं असेल तर ते राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. मी पहिल्या खेपेला मराठीत अर्ज नेला होता. न वाचताच परत आला.

आणि गंमत बघा, खिडकीपलीकडं जे बोलतात त्यातलं निम्मं आईला कळतंच. अर्जी, नकलु, खाता, पहाणी, पौती. ही 'पौती' म्हणजे आपली फौतीच की! शब्द दोन्हीकडं तेच फिरतात. आजोबांचा मुंबई राज्याच्या वेळचा मराठी उतारा अजून ट्रंकेत आहे, तो दाखवला तर म्हणाले, हे जुनं झालं.

इथं 'सकाल' नावाचा कायदा आहे. 2011 चा कायदा, 2012 पासून लागू. सकाल म्हणजे वेळेत. (आमच्या कानाला ते 'सकाळ' ऐकू येतं, आणि जाते ती सकाळच.) ठरलेल्या दिवसांत काम झालं नाही तर दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500, भरपाई. वाचायला झकास. खरं दिवस मोजायला कधी सुरुवात होते? अर्ज घेऊन पोच नंबर दिला की. मग ते अर्जच घेत नाहीत! हे नाव जुळवून आणा, तो दाखला आणा, सर्वर इल्ला (म्हणजे नाही), साहेब मीटिंगला. कागद खिडकीच्या अलीकडं आहे तोवर उशीर झालेलाच नाही. माझ्या सहा खेपांची नोंद कुठंही नाही. सत्ता म्हणजे मोठमोठ्या सभा नि लाल दिवे वाटायचे मला. आता वाटतं, कागद आत घ्यायचा की नाही हे ठरवणारा हात, तीच सत्ता.

बरं, मनुष्यबळ नाही म्हणावं तर दुकानाच्या पाटीवर कन्नड 60 टक्के आहे का हे मोजायला माणसं मिळतात. डिसेंबरात बेळगावजवळ हलग्याच्या सुवर्ण सौधात, म्हणजे इथल्या विधानभवनात, अधिवेशन भरलं की अख्खं सरकार बंगळूरहून इथं उतरतं. मंत्री, सचिव, गाड्यांचे ताफे, पोलिसांनी भरलेले रस्ते. महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा अडवायला तर फौज हजर. 2012 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्या इमारतीचं उद्घाटन झालं, सरकार उत्तर कर्नाटकच्या दारात आलं म्हणाले. दारात आलं खरं, खिडकीत काही दिसलं नाही.

आणि मुंबईवाल्यांनीही हसू नये. एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिवशी, आम्ही काळा दिन पाळायचा आणि तुम्ही तिकडून पाठिंब्याचं पत्रक काढायचं. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं 1967 मध्ये निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला द्या म्हटलं, बेळगाव दिलं नाही. महाराष्ट्रानं अहवालच नाकारला. बेळगाव सोडायचं नव्हतं हे मलाही पटतं, खरं तेव्हापासून आम्ही लटकलोय ते लटकलोयच. 2004 पासून महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात. कुठं बस कंडक्टरला मारहाण झाली की दोन्हीकडच्या एसट्या बंद, म्हणजे कोल्हापूरला दवाखान्यात निघालेला माणूस निपाणीत अडकला. 865 गावं कुणाची यावर दोन राज्यं भांडतात. माझी दोन एकर चौदा गुंठे कुणाच्या नावावर, एवढं सांगायला दोघांतलं एकही तयार नाही.

कन्नड माणसावर राग नाही माझा. आज रांगेत पुढं एक कन्नड अज्जा होता, पंचाहत्तरीचा तरी असेल. त्याच्या नावात कुठंतरी एक दीर्घ जास्त पडलाय. त्याची स्वतःची भाषा, स्वतःची लिपी, चौथी खेप. माझा बाँड त्यानंच हातात घेऊन घडाघडा वाचून दाखवला, नोटरीची तारीख चुकलीय तेही त्यालाच दिसलं. त्याची पाळी आली तर आतून मान वर न करता आवाज आला, "नाळे बा." माझ्या वाट्याला निदान 'बन्नी' तरी आलं.

दोघं मिळून चहा घेतला. पैसे त्यानं देऊ दिले नाहीत. मग वडापात बसलो, गाडी भरेस्तोवर समोरच्या सीटमागं चिकटवलेलं कॅलेंडर बघत होतो. उद्या दुसरा शनिवार आहे.