खुलासा : पिझो चकती चिकटवून खिडकीबाहेरचा रस्ता गप्प होत नाही

घोडबंदर रोडलगतच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय : 27 मिमीची पिझो चकती (थरथरली की वीज तयार करणारी पातळ चकती) काचेच्या मधोमध चिकटवा, दोन्ही तारा रेझिस्टरला (विजेला अडवणाऱ्या छोट्या भागाला) जोडा, ट्रॅफिकचा आवाज 90 टक्के बंद. हे चूक आहे.

तत्त्व खरं आहे. काच थरथरली की पिझोत वीज तयार होते; ती वीज खर्च केली की थरथर आणि तिच्यासोबत आवाज कमी होतो. पण नुसता रेझिस्टर त्यातली फार थोडी ऊर्जा खातो. खरा परिणाम हवा तर ऑप-अँप (विद्युत संकेत वाढवणारी चिप) वापरून ऋण धारकतेचं, म्हणजे पिझोची धारकता (वीजभार साठवण्याची क्षमता) खोडून काढणारं सर्किट बांधावं लागतं, त्याला सतत वीज द्यावी लागते आणि ते पिझोच्या धारकतेशी (या चकतीत साधारण 20 नॅनोफॅरड) अगदी काटेकोर जुळवावं लागतं. घोळ तिथेच होतो. दुपारच्या उन्हात काच तापली की पिझोची धारकता सरकते, जुळणी बिघडते. हद्द ओलांडली तर सर्किट स्वतःच शिट्टी मारू लागतं. अनेक प्रयोगांत पातळ, वक्र पटल असतं, म्हणून तिथे फरक दिसतो. पाच मिमी काचेपुढे ही चकती म्हणजे चिलटच.

आणि स्लायडिंगच्या फटीतून शिरणाऱ्या आवाजाचा तर काचेशी संबंधच नाही. आधी फ्रेममधली झिजलेली ब्रशपट्टी बदला.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. जिथे पाठवलात तिथे हा खुलासा टाका.