‘लो लेड’ म्हणजे नेमकं किती कमी?

एक फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय: ‘शिशाचं पेट्रोल 2021 मध्येच जगातून गेलं. छोट्या विमानांत उरलंय ते लो लेड, म्हणजे नावापुरतं शिसं. तेही आकाशात विरून जातं. धोका असता तर अमेरिकेने बंद केलं नसतं का?’

2021 मध्ये अल्जीरियाच्या पंपांवरून गेलं ते मोटारींचं पेट्रोल. पिस्टन इंजिनाच्या विमानांचं निळं अ‍ॅव्हगॅस, म्हणजे 100 एलएल (एलएल म्हणजेच ‘लो लेड’), अजून राजरोस विकलं जातं. (जेटच्या इंधनात शिसं नसतं, तेव्हा ती भीती नको.) आपल्याकडेही इंडियन ऑइलने 2022 मध्ये वडोदऱ्याचं 100 एलएल बाजारात आणलंय.

‘लो’ हे विमानांच्या जुन्या, जास्त शिशाच्या 100/130 पेट्रोलच्या मानाने, बस. लिटरमागे 0.56 ग्रॅमपर्यंत शिसं त्यात चालतं. अमेरिकेने 1986 मध्ये मोटारींच्या पेट्रोलला घातलेल्या मर्यादेच्या हे वीसपट आहे. मेकॅनिकने स्पार्क प्लग काढला की आत शिशाचे करडे मणी चिकटलेले दिसतात, टोकरून काढावे लागतात. नावापुरत्या शिशाचे मणी होत नाहीत.

आणि आकाशात विरतं म्हणे! उड्डाणाआधी वैमानिक धावपट्टीच्या टोकाशी थांबतो, ब्रेक दाबून इंजिनाचा वेग चढवतो, स्पार्क प्लगना वीज देणारे दोन्ही मॅग्नेटो एकेक करून तपासतो. तो सगळा धूर जमिनीलगत. कॅलिफोर्नियात सॅन होझेच्या रीड-हिलव्ह्यू विमानतळाला घरं अगदी खेटून आहेत. तिथल्या मुलांच्या रक्ताच्या 17 हजारांवर नमुन्यांचा अभ्यास सांता क्लारा काउंटीने करून घेतला, तो 2021 मध्ये आला. विमानतळाजवळच्या मुलांच्या रक्तात शिसं जास्त, वारा जिकडे वाहतो तिकडच्या मुलांत आणखी जास्त, आणि पिस्टन विमानांची ये-जा वाढली की तेही वाढलेलं. ‘जुन्या घरांच्या रंगातलं असेल’ म्हणणाऱ्यांनी सांगावं, रंगाला वाऱ्याची दिशा कशी कळते? फरक मायक्रोग्रॅमच्या अंशांतला आहे, हे मान्य. पण मुलांसाठी शिशाची सुरक्षित पातळी अशी ठाऊकच नाही. शरीर त्याला कॅल्शियम समजून मेंदूपर्यंत पोचू देतं.

राहिली अमेरिका. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ऑक्टोबर 2023 मध्ये हा धूर आरोग्याला घातक असल्याचा अधिकृत निर्णय दिला. देशातल्या हवेत जाणाऱ्या शिशापैकी सुमारे 70 टक्के याच विमानांचं. देशभर बंदी रखडली ती इंजिनांपायी: नॉर्थ डकोटा विद्यापीठाने 2023 मध्ये बिनशिशाचं इंधन वापरून पाहिलं, इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या सीट (व्हॉल्व्ह टेकतात त्या कड्या) झिजायला लागल्या आणि ते परत जुन्यावर आले. रीड-हिलव्ह्यूला मात्र 1 जानेवारी 2022 पासून 100 एलएल विकत मिळत नाही.