पॅड, पॅड, पॅड! बास करा आता

"पॅड बदलूया की, भावा." गेल्या दोन महिन्यांत हे वाक्य तीन गॅरेजांत ऐकलं आणि तिन्ही ठिकाणी पैसे मोजले. आता कुणी ब्रेकचे पॅड म्हटलं तरी डोक्यात तिडीक जाते.

मोटारसायकल 2007ची, दीडशे सीसी, पुढं डिस्क ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटणारे पॅड. वडिलांनी घेतलेली, म्हणून विकत नाही. यंदा पावसाळा सरता सरता पुढचा ब्रेक मऊ पडला. मऊ म्हणजे कसा, तर पिकलेला पेरू दाबावा तसा. लिव्हर दाबला की सरळ मुठीला टेकतो, आणि गाडी आपली चाललीय निवांत. दोन-तीनदा पटपट पंप केला की कडक होतो, जरा वेळानं परत तेच. अरे, हे पॅडचं लक्षण आहे का? पॅड झिजले की त्यांना ढकलणारा पिस्टन तेवढा पुढं सरकून भरपाई करतो, हँडलवरच्या डबीतली ब्रेकच्या तेलाची पातळी खाली जाते. लिव्हरचा असा लोळागोळा होत नाही. हे तेलात हवा शिरल्याचं लक्षण. तेल चेपत नाही, हवा चेपते, आणि आपल्या बोटांचा सगळा जोर तो बुडबुडा खातो.

हे मी सांगितलं तर उत्तर काय? "जुनी गाडी हाय, असंच असतंय."

असंच असतंय? पन्हाळ्याहून येताना वाघबीळच्या उतारावर समोर उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, दिव्याचा पत्ता नाही. पुढचा ब्रेक मुठीला टेकलेला. मागचा ड्रम दाबत, गिअर पाडत कसाबसा थांबलो, तर ट्रॉलीबाहेर आलेला ऊस माझ्या व्हायझरपासून हातभर. घरी येऊन चहा घेताना कप धरवेना.

मग तिसरा मिस्त्री म्हणाला, "एअर काढतो, दोन मिनिटांचं काम." म्हटलं, चला, याला तरी कळतंय. आणि त्यानं कोपऱ्यातनं बाटली काढली. झाकण गायब, तोंडात चिंधी कोंबलेली. हे ब्रेकचं तेल हवेतलं पाणी ओढून घेतं हो! डॉट 4 दर्जाचं तेल कोरं असताना 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की 155 वर येऊ शकतं. आमच्याकडं पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी धरते, आणि हा गडी चार महिने चिंधी लावून बसलाय. वर चाकापाशी हवा काढायचा निप्पल असतो तो उघडाच ठेवून लिव्हर खटाखट हाणतोय. सोडला की खालनं हवा परत आत! डबी तळाला गेली तरी साहेब फोनवर.

शेवटी रविवारी मीच बसलो. पुतण्याला लिव्हरवर बसवला, टाकीवर जुना टॉवेल टाकला (हे तेल सांडलं की रंग गेलाच समजा), सीलबंद बाटली फोडली. निप्पलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलेलं. दाब, धरून ठेव, मी 8चा पाना पाव फेरा फिरवतो, बंद करतो, मग सोड. "काका, किती वेळ?" बुडबुडे थांबेपर्यंत, बाळा. आधी चहाच्या रंगाचं तेल आलं, मग मधासारखं, मग स्वच्छ. मास्टर सिलिंडरपाशी, म्हणजे लिव्हरच्या जोरानं तेल ढकलणाऱ्या हँडलवरच्या भागापाशी, पाइप जिथं वळतो तिथं वरच्या अंगाला हवा अडकते, ती खालनं निघता निघत नाही. म्हणून हँडल वळवून तो भाग उंच केला आणि ट्यूबच्या पट्टीनं लिव्हर दाबलेल्या अवस्थेत रात्रभर बांधून ठेवला.

सकाळी बरंच बरं. पण पुरतं नाही. तेव्हा कुठं सुचलं, पाइप दोन बोटांत धरला आणि पुतण्याला म्हटलं, दाब जोरात. बोटांखाली पाइप फुगला! चक्क फुगला. मूळ रबरी पाइप, गाडीइतकाच जुना. नवा घातला, दोन्ही टोकांना तांब्याचे नवे वायसर, परत हवा काढली. आता लिव्हर दगडासारखा.

उद्यमनगरात लोखंड ओतून इंजिनाचे भाग करणारं हे आमचं कोल्हापूर, आणि इथं तिघांपैकी एकालाही पाइपला बोट लावून बघावंसं वाटलं नाही. पॅड मात्र तीन जोड विकले! त्यातले दोन अजून घरात पडलेत, जवळजवळ कोरे.

काल चहाच्या गाड्यावर पहिला मिस्त्री भेटला. गाडीवर बसूनच त्यानं लिव्हर दाबून बघितला आणि मान डोलावली.

"बघ, मी घातलेलं पॅड बसलं का न्हाई नीट?"