दोन खिशांचा सदरा

नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं म्हणून खचून जाऊ नका. देशादेशांतल्या पाणीवाटपावर बोलायची सोलापूरकराइतकी पात्रता दिल्लीतही कुणाची नाही. फक्त सदरा दोन खिशांचा शिवून घ्या. डाव्या खिशात ‘खालच्यांचा हक्क आधी’, उजव्यात ‘आमच्या हद्दीतलं पाणी, आमची मर्जी’. नदीच्या वरच्या अंगाला पुण्याकडे तोंड असेल तेव्हा डाव्यात हात घालायचा, खालच्या अंगाला कर्नाटकाकडे असेल तेव्हा उजव्यात.

2021 साली भीमेवरच्या उजनी धरणातून पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरला पाच टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी द्यायचं निघालं, तेव्हा आपण डावा खिसा अख्खा उलटा केला आणि निर्णय रद्द करायला लावला. उन्हाळ्यात कर्नाटक ‘भीमेत पाणी सोडा’ म्हणतं, तेव्हा मात्र आपला हात उजव्यात. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी वजा पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली होती, म्हणजे वापरायचं पाणी संपून तळाचा मृतसाठा उपसणं चालू होतं, तेव्हा तर दोन्ही खिसे रिकामे होते. पण हात आतच.

यात लाजायचं काही नाही, मोठमोठ्यांनी हेच केलंय. 1895 मध्ये अमेरिकेचे महान्यायवादी हार्मन यांनी सांगून टाकलं, रिओ ग्रांदेचं पाणी वरच्या अंगाला अडवलं तर मेक्सिकोचं आम्ही काही लागत नाही. 1906 मध्ये त्याच अमेरिकेनं वर्षाला 60,000 एकर-फूट द्यायचं कबूल केलं. आपलंही तसंच. पाकिस्तानकडे बघताना आपण वरचे; चीन तिबेटात ब्रह्मपुत्रेवर अवाढव्य धरण बांधायला लागला की लगेच खालचे, आणि खालच्यांचे हक्क आपल्याला तोंडपाठ.

चहाच्या गाड्यावर सिंधूचा विषय निघाला की ‘एक थेंब सोडू नका’ हे ठणकावून म्हणा. हिशोब मात्र करू नका. पश्चिमेकडच्या तीन नद्या, म्हणजे सिंधू, झेलम आणि चिनाब, वर्षाला साधारण 135 दशलक्ष एकर-फूट पाणी वाहून नेतात. आपल्या भाषेत 5,900 टीएमसीच्या आसपास. उजनी काठोकाठ भरली तर 117. म्हणजे पन्नास उजन्या, त्याही दरवर्षी नव्यानं. तिथले आपले बहुतेक प्रकल्प वाहत्या पाण्यावरचे: पाणी जनित्रं फिरवतं आणि पुढं निघून जातं. अडवायचं कशात, कळशीत?

करारांपासूनही चार हात लांब राहा. 19 सप्टेंबर 1960 ला कराचीत नेहरू आणि पाकिस्तानचे अयूब खान यांनी जागतिक बँकेला मध्ये घेऊन सिंधू करारावर सह्या केल्या, आणि तो कागद 1965, 1971 ची युद्धं ओलांडून चालत राहिला. तिकडच्या कालव्यांसाठी आपण सहा कोटींहून जास्त पौंड दहा वार्षिक हप्त्यांत दिले, 65 चं युद्ध होऊनही. भांडण चालू असताना हप्ता भरणारा शेजारी तुमच्या बोळात आहे का? एप्रिल 2025 मध्ये, पहलगामच्या हल्ल्यानंतर, आपण करार स्थगित केला. आता कागदाची अडचण नाही, नदीची आहे.

बांगलादेशाबरोबरचा 1996 चा गंगा करार तर त्याहून किचकट. जानेवारी ते मे, दर दहा दिवसांचा तक्ता. फरक्क्याच्या बंधाऱ्यावर प्रवाह 70,000 क्युसेकच्या खाली आला तर निम्मं-निम्मं. इतकं मोजून कुठं शेजारधर्म टिकतो का? तीस वर्षांची मुदत डिसेंबर 2026 ला संपते, तोवर टिकलाय खरा.

हे सगळं बोलून घरी या आणि मोटर जोडा. चावीवाला रात्री अडीचला पाणी सोडतो. तुमचं घर बोळाच्या तोंडाशी असेल तर ‘भूगोलच तसा आहे’ म्हणा आणि ओढा. शेवटच्या घरचा नळ खाकरतो, त्याकडे लक्ष देऊ नका.

अडचण एकच. कधीतरी पहिल्या घरात दीड एचपीची मोटर येते आणि खाकरणारा नळ तुमचा होतो. तेव्हा डाव्या खिशात हात घाला, वहीत प्रत्येक घराच्या मिनिटांचा तक्ता आखा आणि सही घ्यायला पहिल्या घरी जा. काकू दार उघडतील, चहा ठेवतील, तक्ता शेवटपर्यंत वाचतील आणि वही परत देत म्हणतील, ‘‘लिहून कशाला घ्यायचं रे? आपण काय परके आहोत का?’’